वीस पावलांचं गवत

रोहिदास मामांना चिडलेलं मी पाहिलं ते फक्त वाऱ्यावर. भल्या पहाटे डोंगराच्या कडेला यावं, थुंकीने बोट ओलं करून वर धरावं आणि वारा जागा निघावा, हे त्यांना अजिबात खपायचं नाही. "ह्यो मुडदा झोपतच न्हाई," असं म्हणत विळा काखेत मारून घराकडे वळायचे. माणसांवर मात्र ते कधी चिडले नाहीत. माझ्यावरही नाही, आणि माझ्यावर तर चिडायलाच हवं होतं.

आमची वस्ती कवठे येमाईपासून तीन किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याला. अकरा घरं. डोंगर वन खात्याचा, खालची रानं आमची. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळलं, कुसळं साडीत अडकायला लागली, की मामांचं काम सुरू व्हायचं. डोंगर संपतो आणि आमचे बांध सुरू होतात, त्या सगळ्या कडेने दहा पावलं रुंदीचं गवत कापायचं, पसरून द्यायचं आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. मागे काळा पट्टा राहतो. पुढे उन्हाळ्यात वर वणवा लागला तरी पट्ट्याशी आल्यावर त्याला खायला काही उरत नाही, तो तिथंच बसतो. याला जाळपट्टा म्हणतात. मामांनी तो बावीस वर्षं ओढला, तोही रोजंदारीवर. खात्याने कधीकाळी दिलेला खाकी शर्ट विटून पांढरट झाला होता, पण पट्ट्याच्या कामावर दुसरा शर्ट त्यांनी कधी घातला नाही.

त्यांना जमीन नव्हती. बायको गेलेली, एकुलती मुलगी सारिका दौंड तालुक्यातल्या राहू गावात दिलेली. वस्तीच्या टोकाला पत्र्याची एक खोली, तेवढंच घर. लग्नाच्या पंगतीत शेवटी बसणारा आणि मग सतरंज्या झटकून घड्या घालणारा माणूस प्रत्येक गावात असतो, आमच्याकडे ते मामा होते. त्यांना कुणी काही विचारत नसे. खरं सांगायचं तर दिवाळीला फराळाचं ताट त्यांच्या दारात ठेवून येण्यापलीकडे मीही त्यांच्याशी कधी फारशी बोलले नव्हते.

त्या वर्षी मात्र मला गरज पडली. परतीच्या पावसात आमचा कडबा भिजून काळा पडला आणि म्हैस गाभण. गोठ्यामागे, डोंगराच्या कडेला पवन्याचं गवत असं माजलेलं की बघून जीव सुखावावा. मामा कापत कापत आमच्या बांधाशी आले, तशी मी शेणाचे हात न धुताच त्यांच्याकडे गेले.

"मामा, आमच्या मागचं एवढं राहू द्या. संक्रांतीपर्यंत कापून नेते म्हशीला. मग पेटवा."

मामांनी गवताकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं आणि चक्क लाजल्यासारखे हसले.

"राहू द्या की, ताय. इस पावलं ठिवतो. तुमचं कापून झालं की हाळी द्या मला, लगीच काडी लावतो."

त्यांनी वीस पावलं मोजली, दोन्ही टोकांना एकेक मोठा दगड ठेवला आणि पुढे कापायला लागले.

संक्रांत आली नि गेली. म्हैस व्याली, कांद्याची लागण आली, सासूबाईंचा गुडघा आला. निम्मं गवत कापलं, निम्मं राहिलं. मामा विचारायला आले, "झालं का, ताय?" मी म्हणाले, होईल. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. तेव्हा आम्ही सातआठ बायका कांदा खुरपत होतो, ऊन डोक्यात गेलेलं.

"ताय, त्येवढं राहिलंय बघा."

"रोज रोज काय विचारता, मामा? गवत काय पळून चाललंय का?"

बायका खळखळून हसल्या. माझी जीभ अशीच आहे, आणि तिचं कौतुक व्हायची मला सवय आहे. मामाही हसले. पुन्हा मात्र त्यांनी विचारलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला वणवा आला. पलीकडच्या उतारावर कुणी बांध पेटवला होता, की कुणाची बिडी पडली, ते आजवर कळलेलं नाही. आधी डोंगरामागून धूर वर आला, मग कड्याच्या सगळ्या माथ्यावर लाल रेघ दिसली. आम्ही अंगणात उभं राहून बघत होतो. दरवर्षी कुठेतरी लागतोच, बसेल पट्ट्यावर, असं प्रत्येकाच्या मनात. तेवढ्यात वरून मामा ओरडत आले. तो आवाज त्यांचा आहे हे मला आधी कळलंच नाही.

"निघा! घरं सोडा! वारं खाली फिरलंय! सिलिंडर भाईर काढा आधी!"

मग जी पळापळ झाली ती सांगायलाही लाज वाटते, कारण माणूस काय वाचवतो ते तेव्हा कळतं. सिलिंडर लोळवत ओल्या कांद्यात नेऊन टाकले. वस्तीतल्या पोपटरावांनी ट्रॅक्टरची ट्रॉली आणली, तिच्यात म्हातारीकोतारी आणि पोरं भरली. कुणी मिक्सर घेतला, कुणी लग्नाचा अल्बम. मी देवाचे टाक आणि सातबाऱ्याची पिशवी ओट्यात बांधली आणि वर मोबाईलचा चार्जर घेतला. गोठ्यात धावले तर मामांनी म्हशीचं दावं विळ्याने कापलेलं होतं, रेडकाचं दावं त्यांच्या हातात होतं.

"हाका रस्त्याकडं. मागं बघू नगा."

मी बघितलं. वणवा पायथ्याशी पोचला होता. उजवीकडे काळ्या पट्ट्यावर येऊन तो बसत होता, डावीकडेही बसत होता, मामा सांगायचे तसाच, मुकाट्याने. फक्त मामांनी ठेवलेल्या त्या दोन दगडांच्या मधून तो उभाच्या उभा खाली उतरत होता.

आमचा गोठा आणि ते गवत यांच्या मधे लसूणघासाचा वाफा होता आणि सकाळीच त्याला पाणी भरलेलं. आग तिथं अडखळली, गोठ्याचा एक कोपरा तेवढा काळा केला आणि बाजूला वळली. बाजूला सुरेखाचं घर. ती माझ्याहून लहान, नात्याने जाऊ लागते. तिच्या दारात कडब्याची गंजी रचलेली. गंजी पेटली, मग घराचे वासे. तिचे सासरे ज्योतिबा आप्पा अर्धांगाने दोन वर्षं बाजेवर होते. ते आतच राहिलेत हे ट्रॉली निघाल्यावर तिच्या लक्षात आलं. ती किंचाळली, तेव्हा मामा ओल्या डहाळीने आग झोडपत होते. डहाळी टाकून ते आत गेले आणि आप्पांना पाठुंगळी घेऊन बाहेर आले. खाकी शर्टाची एक बाही जळून गेली होती.

आम्ही सगळे गावातल्या शाळेत राहिलो. त्या वर्षी वस्तीवर होळी कुणी पेटवली नाही.

तिसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून एकेका घराचा जबाब घेतला. सगळ्यांचा मजकूर साधारण एकच: आग अर्धवट ठेवलेल्या जाळपट्ट्यातून आली, कामावरच्या मजुराने हयगय केली. माझी पाळी आली तेव्हा नवऱ्याने कोपर मारलं. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "तोंड उघडशील तर सुरेखाच्या माहेरचे दारात येतील. जल्मभर तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

मामा समोर खांबाला टेकून उभे होते, हाताला फडकं गुंडाळलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सही केली. सुंदर अक्षरात केली, ते अजून आठवतं.

साहेबांनी मामांना विचारलं, "वीस पावलं का ठेवली?"

"राहिलं साहेब माझ्याकडनं. पट्टा माझा हुता."

त्यांचं काम गेलं. वस्तीवर कुणी म्हणे दारू पिऊन पडला असेल, कुणी म्हणे म्हातारा झाला आता. दारू त्यांनी आयुष्यात शिवलेली नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही ऐकून घेतलं. आठवड्याने एक ट्रंक घेऊन ते लेकीकडे राहूला निघून गेले.

इकडे सुरेखाचं बिऱ्हाड आमच्या पुढच्या खोलीत. चार महिने, घर उभं राहीपर्यंत. सकाळी उठून ती माझ्याआधी अंगण झाडायची. "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडायचे?" असं म्हणायची आणि मी उठून गोठ्यात जायची. आप्पा बाजेवरून माझ्याकडे बघत राहायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, पण मला वाटायचं, त्यांना सगळं कळलंय. मी तिकडून जाताना पदर सारखा करण्याचं निमित्त करून मान वळवायची. बोलकी बाई म्हणून माझा लौकिक, आणि चार वाक्यं माझ्या तोंडून निघत नव्हती.

पुढच्या दिवाळीनंतर नवा मजूर पट्टा ओढायला आला. चांगला मुलगा. पण आमच्या बांधाशी ते दोन दगड त्याने पायाने ढकलून दिले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला शिरूरला डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं, आणि शिरूरहून चौफुल्याची एसटी धरली, तिथून पुढे कुरकुंभची. मामा आता कुरकुंभला एका केमिकल कंपनीत झाडांना पाणी घालतात, एवढं सारिकाकडून कळलं होतं.

पोचले तेव्हा शिफ्ट सुटत होती. हवेला नाक चुरचुरेल असा वास. गेटवरच्या बिहारी वॉचमनने आत हाक मारली, "मामाजी, आपके गाँव से कोई आया है!" निळ्या गणवेशातले मामा पाइप हातात घेऊनच बाहेर आले. त्यांनी मला टपरीवर बसवलं, चहा सांगितला, म्हशीची चौकशी केली. मी चहा हातात तसाच धरून सगळं बोलून टाकलं. त्यांना म्हणाले, मी साहेबांकडे जाऊन नवा जबाब देते. तुमचं नाव माझ्यामुळे गेलं.

मामा रस्त्यावरच्या टँकरांकडे बघत म्हणाले,

"ताय, बावीस वरसं त्या वस्तीवर काढली. मला कवा कुणी काय मागितलं न्हाई. मागण्यासारखं हुतं तरी काय माझ्यापाशी? त्या दिशी तुमी आला, हात शेणानं भरल्यालं, म्हणला, मामा एवढं राहू द्या. घरी जाऊन मी लेकीला फोन लावला. म्हणलं, सारिका, आज आपल्याकडं कुणीतरी मागायला आलं हुतं." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्ये आता कागदावर नगा घालू."

मी परत येताना रडले नाही, कारण रडण्यावरही आपला हक्क नाही असं वाटत होतं. आठवड्याने शिरूरच्या कार्यालयात गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. ते लिहायला लागले, मग थांबले. म्हणाले, त्यांनाही विचारायला हवं. त्यांनी मामांना फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून स्पीकर सुरू केला.

"न्हाई साहेब," मामांचा आवाज आला. "ताय मनाला लावून घेत्यात. त्यांनी मला काय बी सांगितलं न्हाई. मीच आळस केला. त्यांचं नाव नगा लिहू."

"मामा, खोटं बोलू नका!" मी ओरडले.

"ताय हायेत का तिथं? रेडकू मोठं झालं का?"

मी हो म्हणाले. साहेबांनी फोन ठेवला, पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की ते मला थोबाडीत मारते तर बरं झालं असतं. "गावाकडची माणसं फार हळवी असतात," म्हणाले, "घरी जा, बाई."

घरी आले तर सुरेखा आमच्या म्हशीला वैरण टाकत होती. मला उशीर झाला म्हणून तिच्या नव्या घरातून आली होती. मी तिला गोठ्याच्या त्या काळ्या कोपऱ्यापाशीच बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं: गवत, संक्रांत, माझी जीभ, माझी सही. सांगून झालं आणि ती आता काय करते याची वाट बघत मी खाली मान घालून बसले.

"मला म्हाईत हाय, वहिनी," सुरेखा म्हणाली. "तवा कांदा खुरपायला मी बी हुते. तुमी म्हणला, गवत काय पळून चाललंय का, तवा मी बी हसले हुते."

"मग तू सही का केलीस? त्यांनी तुझ्या सासऱ्याला पाठीवर आणलं, सुरेखा."

"आम्ही कुठं जानार हुतो तवा? तुमच्याच घरात राह्यचं हुतं न्हवं."

ती वैरणीची काडी मोडत बसली. चार महिने ती माझं अंगण झाडत होती आणि मला वाटत होतं, आमच्या दोघींपैकी लपवणारी मी एकटीच आहे.

उद्या पहिल्या एसटीने आम्ही दोघी नवा जबाब द्यायला शिरूरला जाणार आहोत. ह्या वेळी साहेबांना मामांना फोन लावू द्यायचा नाही.