सासऱ्यांसमोरचा पहिला शब्द

नवापूरचे कापड दुकानदार गौतमचंद घरातल्या सगळ्यांचे फोन तपासायचे. वर म्हणायचे, "घरात कसलं आलंय खाजगी?"

त्यांची सून चांदनी. घरच्या रीतीप्रमाणे सासऱ्यांसमोर तिनं नऊ वर्षं तोंड उघडलं नव्हतं. मुकी नव्हती हो! बोलायचं ते सासूमार्फत.

परवा त्यांनी तिचा उघडा फोन उचलला आणि तिनं बहिणीला लिहिलेलं वाचायला लागले. आवाजावर लॉक होण्याची सोय चांदनीनं आधीच करून ठेवली होती. घुंगटाआडून ती खणखणीत म्हणाली, "फोन लॉक कर!"

त्यांच्या हातातली स्क्रीन काळी झाली.

गौतमचंद बायकोकडे वळले. "सुनेला सांग, फोन उघड म्हणावं."

"मलाच सांगा, बापूजी," चांदनी म्हणाली. "नाही उघडणार."