बाईंचा विमा

बाई सकाळी कारखान्याच्या फाटकात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायच्या, "हात दाखवा." नवख्याला वाटायचं, मालकीणबाई हस्तरेषा पाहतात. त्या पाहायच्या अंगठ्या, मनगटावरचे गंडेदोरे, लोंबत्या बाह्या. "अंगूठी निकालो मियाँ, मशीन कू शादी का शौक नहीं," असं त्यांनी एकदा एकाला सुनावलं, तेव्हा सगळं फाटक हसलं होतं.

नवऱ्याच्या पश्चात त्यांनी हा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवायला घेतला. मी तिथे हिशेब पाहत असे. माझ्याशी त्या मराठी बोलायच्या, कामगारांशी दखनी आणि तेलुगू, आणि रागावल्या की तिन्ही एकदम.

कामगारांच्या भरपाईच्या विम्याचा हप्ता तेव्हा भलताच वाढला होता. तो कमी कसा करायचा, म्हणून त्यांनी एजंटला बोलावलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मशिनवरची काही माणसं कागदोपत्री ऑफिसात दाखवा. ऑफिसातल्यांचा हप्ता कमी बसतो."

"आणि कोणाचं बोट गेलं तर? टायपिंग करताना गेलं म्हणून सांगू?"

एजंट ओशाळला. "मग एकच उपाय. अपघातच होऊ द्यायचे नाहीत. क्लेम थांबले की हप्ता उतरतो."

"हे आधी सांगायचं ना! चला, कारखाना दाखवते."

आत खोकी चिकटवायच्या सांडलेल्या खळीवरून एजंटचा पाय घसरला आणि तो पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसकण मारून बसला. बाई हसू दाबत त्याला उठवत म्हणाल्या, "पहिला क्लेम तुमचाच झाला असता."

दुसऱ्या दिवसापासून जमीन कोरडी ठेवण्याचं खूळ सुरू झालं. कापण्याच्या मशिनला लोखंडी जाळी बसली. जाळीमुळे काम मंदावतं म्हणून सुपरवायझर कुरकुरायचा. एकदा घाईच्या ऑर्डरीत त्याने ती काढून ठेवली, आणि त्या मशिनवरच्या यादगिरीची दोन बोटं आत चेंगरली.

यादगिरीला दवाखान्यात नेल्यावर सुपरवायझर बाईंना म्हणाला, "बोटं घरी दारात चेंगरली म्हणू या. नाहीतर हप्ता परत वाढेल."

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "वाढू दे," एवढंच त्या म्हणाल्या आणि विमा कंपनीला कळवायला त्यांनी मला तिथेच बसवलं.

संध्याकाळी आम्ही यादगिरीच्या घरी गेलो. त्याची बायको दारातच रडवेली झाली. "अम्मा, नौकरी गई क्या?"

"कायकू जाती?" बाई आत जाऊन यादगिरीच्या शेजारी खाली बसल्या. "हात ठीक होने तक दूसरा काम देती मैं. मगर घर में नक्को बैठ, दिमाग खराब होता."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो परतला. बाईंनी जाळीला कुलूप घातलं आणि किल्ली त्याच्या हाती दिली. जाळी उघडायची तर सुपरवायझरलाही त्याची परवानगी लागे. यादगिरी नव्या माणसांना आपला हात दाखवून काम शिकवायचा. त्यानंतर तुम्ही आमच्या कारखान्यात आला असतात, तर तुम्हालाही त्याने आधी बूट घालून यायला सांगितलं असतं.

हप्ता आधी वाढला. मग हळूहळू, एकही क्लेम न होता वर्षं गेली आणि तो उतरू लागला. तोवर बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरी जाऊन ती बातमी सांगितली, तशा त्या लहान मुलीसारख्या खुलल्या. लगेच म्हणाल्या, "मग आता मोठे पंखे घ्या. मशिनपाशी उकडतं. घाम डोळ्यांत गेला की माणसाला दिसत नाही हो."

पंखे आले तेव्हा बाई नव्हत्या.

ते पहिल्यांदा सुरू केले आणि कागदाची सारी कात्रणं उडून कारखानाभर पसरली. कोणाच्या केसांत, कोणाच्या खांद्यावर. सगळे हसायला लागले. मग हसता हसता एकेकजण दाराकडे बघू लागला, आता ओरडा बसणार म्हणून. दारात कोणीच नव्हतं. पंखे मात्र जोरात फिरत होते.