अप्पांचं लवकर तयार होणारं पीच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात की माझी गाडी अडकते!

मी नायगावचा. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून क्रिकेटच्या मैदानावर रोलर फिरवतो. गावोगावच्या टुर्नामेंटला पीच तयार करून देतो. बाकी कुठल्याच विषयावर मला चार वाक्यं बोलता येत नाहीत. त्यात मुलगी बघायला जायचं म्हणजे? बोलणार काय?

स्थळ शिरूर अनंतपाळचं. मुलीच्या वडिलांशी, अप्पांशी फोनवर बोलून झाल्यावर मामा मला म्हणाला, "तुला त्यांचं पीच दाखवायचंय म्हणं. लवकर तयार होणारं हाय."

माझा जीव भांड्यात पडला. सासरा क्रिकेटवाला! अजून काय पाहिजे?

गेलो. चहा झाला. मुलगी, महादेवी, आत गेली. अप्पा सरसावून बसले.

"आमचं पीच बाकीच्यांच्या लई आधी तयार होतंय बघा."

"माती कोणती, अप्पा?"

"मुरमाड. पाणी थांबत न्हाई."

वा! माणूस जाणकार!

"कडक हाय का?"

"सुरुवातीला कडक. मग लगेच नरम पडतंय. टिकत न्हाई, तेवढी एक खोट हाय."

"मग फिरकीला चांगलं."

"फिरकी?" अप्पांनी मामाकडं बघितलं. मामानं छताकडं.

"तडे जातात का?"

"पाणी जास्ती झालं की जातात."

"मग जड रोलर फिरवा की! सगळं सपाट!"

आत काहीतरी खणकन पडलं.

"सपाट?" अप्पांचा आवाज बारीक झाला. "अवो पाव्हणं, लेकरावानी वाढवलंय ते!"

"घाबरू नका, मी सोता येतो. वर हिरवी काडी ठेवायची न्हाई, सगळं खरडून काढू."

अप्पा घाम पुसायला लागले. मला कळेना, एवढं काय चुकलं? शेवटी ते म्हणाले, "आधी चव तर बघा. चव बघितल्याबिगर कुणी मत देतंय का?"

चव? पीचची? म्हणजे हा माणूस माती चाखतो! बरं, लग्नासाठी माती खायची तर खाऊ. आणि खाल्लीच की हो!

महादेवी ताटली घेऊन आली. ताटलीत फोडी, बाजूला एक अख्खं फळ. लालसर, अंगावर बारीक लव.

"पीच," ती म्हणाली. "आमच्या बागंतलं. रोलर फिरवायच्या आधी खाऊन घ्या."

मी फोड तोंडात टाकली. गोड होती, जराशी आंबट. सगळे माझ्याकडं बघत होते. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तोंड उघडलं आणि निघालं काय?

"उसळी चांगली हाय."

पुढच्या आठवड्यात अप्पांचा फोन आला. मामानं स्पीकर लावला.

"पोरगं मनानं गोड हाय," अप्पा म्हणाले, "पण लई कच्चं हाय."

"म्हंजे नकार समजायचा का?" मामानं विचारलं.

"न्हाई, न्हाई. महादेवी म्हणाली, ही जात काई लवकर तयार होणारी दिसत न्हाई. पण थांबते म्हणती."