लग्नाच्या वाढदिवशी मढला

मुलुंडच्या खोलीला मी कुलूप लावलं. अंतोन पुढे निघाला तरी मी उगाच ते दोनदा ओढून पाहिलं. आमच्या लग्नाला त्या दिवशी वर्ष झालं होतं. आठवड्यापूर्वी सासूबाईंचं पोस्टकार्ड आलं होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं : ‘दोगं या. बापूस (वडील) काय बोलणार नाय.’ म्हणजे रागावणार नाहीत, की आमच्याशी शब्दच बोलणार नाहीत? आठवडाभर आम्ही त्या एका वाक्याचा कीस काढला.

मी मालवणकडच्या गिरणी कामगाराची मुलगी, विक्रोळीच्या चाळीत वाढलेली. अंतोन मढच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातला, विक्रोळीच्याच एका कारखान्यात टर्नर. आम्ही वांद्र्याला रजिस्टर लग्न केलं आणि दोन्ही घरांची दारं एकाच दिवशी बंद झाली. मढ मी पाहिलंही नव्हतं.

घाटकोपरला बस बदलली. असल्फ्याचा चढ, साकीनाका, धूळ. मांडीवर करंज्यांचा डबा. अंधेरी जवळ येताच मी रुमालाने कपाळावरचं कुंकू पुसलं.

“पुसलंस कशाला?” अंतोनने विचारलं.

“तुझ्या घरच्यांना नको असेल तर?”

“आणि असेल तर?”

मी रुमालाची घडी घातली. अंधेरीहून दुसऱ्या बसने वर्सोव्याला उतरलो तेव्हा वारा असा होता, की पदर हातात धरूनच चालावं लागत होतं. पाऊसकाळ संपून महिना झाला होता, तरी आदल्या दिवसापासून हे असलं हवामान. पलीकडे मढ दिसत होतं : माडांची रांग आणि एक पांढरा क्रूस. मधे खाडी.

मला पाण्याची भीती आहे. लहानपणी गावच्या खाडीत माझी मावसबहीण बुडाली, आणि तिला काठावर आणलेलं मी पाहिलं होतं. तरीत (खाडी ओलांडणाऱ्या होडीत) मी फळीला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. मधोमध एक लाट आडवी आली, सगळे ओरडले, आणि करंज्यांचा डबा माझ्या मांडीवरून पाण्यात गेला. झाकण तेवढं हातात राहिलं. तरवाला म्हणाला, “बाई, डबा गेला, तू नाय गेलीस. हस जरा!” मला हसू आलं नाही.

मढच्या वाळूवर बोंबील वाळत घालायच्या वलांड्या (बांबूचे मांडव) उभ्या होत्या, पण रिकाम्या. एकही बाई कामात नव्हती. साऱ्याजणी पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्यातून हिरव्या लुगड्यातली एक किरकोळ बाई आमच्याकडे आली. त्या सासूबाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“अंतोन, बापूस काल होडी घेऊन गेलाय. रातीच यायचा व्हता. अजून नाय आयला.”

मागून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “वरसान् सून आयली, आन् तोच दिस बघा!”

वर्षभर ज्या माणसाच्या रागाला मी घाबरले, तो परत आलाच नाही तर? जन्मभर या गावात मी कोण ठरेन?

शोधायला एक होडी निघत होती. अंतोनने चपला काढून माझ्या हातात दिल्या.

“जाऊ नकोस रे,” मी म्हणाले. इतक्या लोकांत मी त्याचा शर्ट धरला होता.

“सुनंदा, बाप आहे माझा.”

शर्ट सोडवून घेऊन तो गेला. होडी लाटांवर चढत, पडत लहान होत गेली.

आम्ही दोघी वाळूवर बसलो. बऱ्याच वेळाने सासूबाईंनी माझ्या कपाळाकडे बोट केलं. “लाल काय फासलंय?” मी सांगितलं. त्यांनी लुगड्याच्या पदराने उरलेला डाग नीट पुसून काढला. “लावायचं तर धड लाव. नायतर लावू नको. घाबरून अर्धं ठेवू नको.”

मग म्हणाल्या, “वरीसभर कसे रायलात, सांग.”

समोर पाणी तसंच रिकामं होतं, म्हणून मी सांगत सुटले. डोंगराच्या पायथ्याची गळकी खोली. अंतोनला झालेली कावीळ आणि तीन आठवडे उसाचा रस आणून देणारी शेजारची गुजराती बाई. माझ्या आईला पाठवलेली, न उघडता परत आलेली दोन पत्रं. आणि श्रावणात तिसऱ्या महिन्यात गेलेलं मूल.

“आन् मला कळवलं नाय?”

“भीती वाटली.”

त्यांनी माझा हात धरला तो दुखेपर्यंत.

चारच्या सुमाराला कुणीतरी ओरडलं. दोन होड्या येत होत्या. पुढची मागचीला दोराने ओढत होती. मागच्या होडीचं इंजिन बंद पडून ती रात्रभर वाहवत गेली होती. किती माणसं आहेत ते मी मोजत होते आणि दर वेळी चुकत होते. सगळी होती.

सासरे उतरले. ओठ फाटलेले, डोळे लाल. दोघा खलाशांनी धरलं होतं तरी हात झटकून चालत आले आणि माझ्यासमोर थांबले. मी पाया पडायला वाकले, तर ते मागे सरकले.

“कपडे वले हायेत माजे,” ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, “पोरगी कवाची उनात हाय? जेवायला घातलंस का नाय?”

जेवलो आम्ही सगळे. फुगे (तळलेले गोल, पोकळ पाव) आणि बांगड्याचं तिखट कालवण. सासरे एक शब्द न बोलता जेवले आणि बसल्या जागी झोपले. झोपेतही त्यांची बोटं मिटत, उघडत होती.

उजेड असतानाच आम्ही परतीची तर पकडली. खाडी शांत झाली होती, तरी मी फळी धरलीच. मढला जाताना वाटलं होतं, आज एक भीती संपेल. तसं झालं नाही. आता त्या किनाऱ्यावर माझी आणखी दोन माणसं होती, आणि यापुढे वारा सुटला की मुलुंडच्या खोलीतही मला झोप लागणार नव्हती.

अंधेरीच्या बसमध्ये मी अंतोनला विचारलं, “समुद्रात काय बोलले रे वडील तुझ्याशी?”

त्याचे तळवे दोराने सोलले होते. तो त्यांच्याकडेच पाहत होता.

“मी दिसलो, तसा दोर फेकला. म्हणाले, ‘धर.’”

“आणि मग?”

“मग वाटभर एकच म्हणत होते,” अंतोन म्हणाला. “‘सोडू नको.’”