धोंड्याचं जेवण आणि बंद ड्रायव्हर

धोंड्याच्या महिन्यात रुसायचा मान जावयाचा असतो. आम्ही अमरावतीहून अकोल्याला सासुरवाडीत पोचलो, तर माझ्याआधी मेव्हणीच रुसून बसलेली!

तिला अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजात प्रवेश हवा होता. त्यासाठी केलेली छोटी फिल्म संध्याकाळपर्यंत पाठवायची होती आणि तिचा कॉम्प्युटर एकेक चित्र काढायला जीव खात होता. त्यात लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली मीच बसवून दिलेली. ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हरही माझ्याच पसंतीचा, खुला, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, दुरुस्त करावा असा. स्क्रीन झकास दिसायची, पण फिल्मचं जड काम तो कार्डाकडून करून घेऊ शकत नव्हता. ते जमायचं फक्त कंपनीच्या बंद ड्रायव्हरला. आणि बंद म्हटलं की माझं टाळकं सटकतं. कार्ड आपण विकत घ्यायचं, आणि ते कसं चालतं हे आपल्यालाच सांगायचं नाही? वा रे वा!

हे भाषण मी तिथंही सुरू केलं.

"भाऊजी, मले भाषण नाही, फिल्म पायजे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "जावईबापू, पोरगी रडून राहिली, तुमी काहून अडून बसले? धोंडे थंडे होऊन राहिले!"

बायकोनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. गेलं तत्त्व चुलीत! मी बंद ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि स्क्रीन काळीठिक्कर. मेव्हणीनं भोकाडच पसरलं. मी घामाघूम. शेवटी सापडलं: सुरुवातीच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचं एक कुलूप होतं, ते या नव्या पाहुण्याला आतच घेत नव्हतं. ते काढलं, आणि काय सांगू! लाह्या फुटाव्यात तशी पटापट चित्रं पडू लागली.

फिल्म वेळेत गेली. मग ती टीव्हीवर लावून आम्ही सगळे ताटं घेऊन बसलो. पोळ्याला सजवलेला बैल आरशात स्वतःला पाहून लाजतो, एवढीच गोष्ट. पण त्याच्या झुलीवरची भिंगं अशी लखलखली की मी ओरडलोच, "अगं, जिंकलीस!" स्वतःच्या परीक्षेच्या निकालाचाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

शेवटी नावं आली. कथा, चित्रं, रंग, सगळीकडे तीच. आणि अगदी खाली: 'ड्रायव्हर : भाऊजी'.

सासूबाई टीव्हीकडे बघतच राहिल्या. "बैल तर एकटाच होता वं माय," त्या म्हणाल्या, "जावईबापूनं गाडी कुठं हाकली?"