आधी चूल कुणी विझवायची

जेवण झालंय, भांडी तशीच पडलीत आणि मी पडवीत कुशीवर लवंडलेय. झोप लागलेली नाही, पण डोळे उघडायचा कंटाळा आलाय. बाहेर ग्रामपंचायतीचा भोंगा ओरडतोय, नदीकाठच्यांनी सुरक्षित ठिकाणी जावं म्हणे. ओरड बाबा. सकाळपासून चौथ्यांदा ओरडतोयस, आळीतलं मांजरसुद्धा हललेलं नाही.

मीही हलणार नाही. गेल्या वर्षी हलले होते ना! म्हैस घेऊन माळावर गेले आणि मागोमाग सगळी आळी आली. आमच्यात थोरल्या घराची म्हैस सुटल्याशिवाय दुसरं कुणी दावं सोडत नाही. थोरल्याच्या आधी जो सोडेल तो भित्रा आणि वर अतिशहाणा. थोरली जाऊ गेल्यापासून थोरलं घर म्हणजे आमचं. आणि पाणी? पाणी पुलाला टेकलं आणि माघारी गेलं. तीन दिवस माळावरच्या चिखलात बसलेली आळी वर्षभर मला हसतेय. समोरची पारूबाई तर आभाळ जरा काळं झालं की विचारते, "काकू, गाठोडं बांधू का?" माझा उत्तमही हसतो. पोटचा पोरगा! आज कारखान्यावर जाताना म्हणाला, "आई, पाणी अजून वडाच्या पाराला बी लागलं न्हाई. बस निवांत." बसलेय. जाऊ दे मसणात सगळं.

भोंगा थांबतो. पायाशी कुणीतरी बसलंय.

हिरवं लुगडं, कोपरापर्यंत पीठ लागलेले हात. तानाक्का. माझी थोरली जाऊ. पाच वर्षांमागं पुरात गेली. नाव आली तेव्हा मला आधी बसवलं, दुसऱ्या खेपेला जाईपर्यंत अक्काच्या घराची भिंत पडली होती.

"झोपली हायस व्हय गं शालन?"

"न्हाई अक्का. पडलेय जरा."

"पड, पड. मीबी अशीच पडले हुते."

मेल्यावरही टोमणे मारायची खोड काही गेली नाही. मी रागानं उठून बसते, तर पडवी कुठली, ही शाळेची खोली आहे. तालुक्याचा साहेब फळ्यापाशी उभा आहे आणि पूर आल्यावर काय करायचं ते सांगतोय. अक्कानं लुगड्यावर पाण्यात तरंगायचं ते केशरी जाकीट चढवलंय आणि पट्टा कुठं अडकवायचा ते शोधतेय.

"ह्यो बाबा आमच्या येळंला न्हवता," ती म्हणते.

"तुमी गेल्यावर आला. पंचवीस बायका जमलो, पोहे खाल्ले, च्या प्यालो आन् घरला गेलो."

"कुणीच काय केलं न्हाई?"

"मी पिशवी भरली. कागदं, बीपीच्या गोळ्या, बॅटरी, फुटाणं. दाराला टांगलीया."

"साहेबानं सांगितलं म्हणून?"

"साहेब गेला उडत! तुमची भिंत पडताना बघितली म्हणून."

 पायाला गार लागतं. फरशीवर घोट्याएवढं पाणी आलंय आणि साहेब त्यातच उभा राहून बोलतोय. मी बाकावरून उतरते ती थेट अक्काच्या स्वयंपाकघरात. चूल धडधडतेय. पाणी चुलीच्या कडेला लागलंय, पण जाळ काही विझत नाही. अक्का भाकरी थापतेय.

पाच वर्षं जे विचारायचं होतं ते माझ्या तोंडून निघतंच.

"अक्का, त्या दिवशी तुमी का उठला न्हाईसा? मी दारात हुबी राहून तुमच्या गोठ्याकडं बघत हुते. तुमची म्हैस सुटंना, मग माझी कशी सुटंल?"

तिचा हात भाकरीवर थांबतो. "मी उठले हुते. दाव्याला हात घातला हुता. तेवढ्यात तुझ्या कौलातनं धूर दिसला. म्हणलं, धाकटी निवांत भाकरी करतीया, आन् मी थोरली आसून पळू? जलमभर हसतील."

"अवो, मी चूल पेटवली ती तुमचा धूर बघून! म्हणलं, अक्काचा सैपाक चाललाय, म्हंजे भ्यायचं काय कारण न्हाई!"

ती माझ्याकडं बघते. मी तिच्याकडं बघते. आणि ही बाई हसायला लागते. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, लग्नाच्या पंगतीत हसायची तशी. मला रडू येतं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग येतो.

"हसताय काय? पाच वर्षं मी सोताला खाल्लंय, अक्का! घास गिळवत न्हवता मला. आन् धुराच्या पायी गेलासा तुमी?"

"धुराच्या न्हवं. हसतील म्हणून." ती हात पुसते. "आता तुझ्या चुलीवर काय हाय?"

"म्हशीचं आंबोण शिजतंय."

"आन् धूर?"

मी वर बघते. आता मी कौलावर उभी आहे आणि खाली सगळी आळी दिसतेय. प्रत्येक दारात एकेक बाई. सगळ्यांच्या नजरा माझ्या घराच्या धुरावर. पारूबाईचा एक हात दाव्यावर आहे आणि तोंड माझ्याकडं.

"अक्का, पाणी परत माघारी गेलं तर?"

"तर परत ये."

"हसतील वो!"

"हसू देत की. हसायला जित्ती तरी असतील." घागर तिच्या कमरेवर आहे. "सर बाजूला."

छस्स्!

मी दचकून उठते. पडवीच्या कोपऱ्यातली चूल विझलीय. राख ओली आहे, काळं पाणी उंबऱ्यापर्यंत आलंय आणि घागर आडवी पडलीय. मी झोपेत उठले असेन, नाहीतर नसेनही. काडेपेटी कोनाड्यात आहे. मी तिला हात लावत नाही.

पिशवी खांद्याला अडकवते, म्हशीचं दावं सोडते आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, अंगणाबाहेर पडते.

पारूबाई दारातच आहे. दात दिसतात तिचे. "काकू, धूर थांबला तुमचा? परत माळावर का?"

"व्हय, परत! पाणी आलं तरी, न्हाई आलं तरी. पुढच्या वर्षी बी जाणार. तुला हसायचं तर माळावर येऊन हस, पण आधी म्हैस सोड."

ती हसायचं विसरते. माझ्या म्हशीकडं बघते, मग माझ्या कौलाकडं. वळून आत जाते.

तिच्या घरातून आवाज येतो. छस्स्.