गच्च आत्याची झालर

गाद्यांच्या खोळी शिवण्यात आत्याची उभी हयात गेली. शिवण सैल पडली की कापूस बाहेर, म्हणून दोरा कचकचून ओढायचा, ही हाताला लागलेली खोड. निवृत्त झाल्यावर बाईंनी लोकर-सुया हाती घेतल्या, पण हात तोच! तिने विणलेली टोपी कुणाच्याही कानांपर्यंत उतरली नाही. घरातली पोरं तिला गच्च आत्या म्हणत.

भावासाठी विणलेला स्वेटर तर डोक्यात अडकला तो अडकलाच, आणि वहिनी पाहुण्यांसमोर पोट धरधरून हसली. तेव्हापासून नणंद-भावजयीत अबोला.

आता भाचीला बाळ होणार होतं. ब्लँकेट तिच्या आईने, म्हणजे वहिनीनेच विणलं. कडेची झालर मात्र भाचीने हट्टाने आत्याकडे सोपवली.

"ताणली जाईल अशी कर हं, आत्या. नाहीतर ब्लँकेटची टोपली होईल."

आत्याने जाड सुया आणल्या. गाणं गुणगुणत विणून पाहिलं. पण वीतभर झालर झाली की काठ गोळा होऊन वर उचलला जाई. उसवायचं, पुन्हा विणायचं. वहिनी पुन्हा हसली तर आपण त्या घराची पायरी चढणार नाही, मग बाळ कसलं दिसतंय, या धसक्याने हात आणखीच आवळत होता.

शेवटी वहिनीच आली. तिने ब्लँकेटचा लोंबता भाग मांडीवर घेतला, म्हणजे वजनाने टाके ओढले जायला नकोत. बराच वेळ दोघी गप्प.

"वन्सं, त्या दिवशीचं पुढचं तुम्हाला कुठं माहितेय? तुम्ही तणतणत निघून गेलात. मग बेल वाजली, आणि हे तसेच दार उघडायला गेले. तोंड स्वेटरात, दोन्ही हात वर. पेपरवाल्यानंही घाबरून हात वर केले!"

आत्या फिसकन हसली. मग दोघींनाही हसू आवरेना. सुया चालूच होत्या, आणि टाके आपसूक सैल पडत गेले. गप्पांच्या नादात सगळा काठ पुरा झाला. ओढला की ताणला जाई, सोडला की लाटा घेत जागेवर येई. सुरुवातीचा कोपरा तेवढा आवळलेला होता.

"उसवू?" आत्याने विचारलं.

"राहू दे," वहिनी म्हणाली.

बाळाला गुंडाळताना भाचीने तो कोपरा ओढून पाहिला. "एवढाच का गं असा?"

बाळावरची नजर न काढता आत्या म्हणाली, "तिथं आम्ही बोलत नव्हतो."